उत्तर जरा उशिरा सांगा: वर्गात मुलांना विचार करायला लावण्याची रीत

शिक्षक प्रश्न विचारतात. चार हात वर जातात, बहुतेक वेळा तेच चार. त्यातल्या एकाला उठवलं जातं, तो बरोबर उत्तर देतो, शिक्षक "शाबास" म्हणतात आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतात. तास छान चालला आहे असं वाटतं. पण तेवढ्या वेळात बाकीच्या वर्गाने काय केलं? कोणीतरी उत्तर देईल म्हणून वाट पाहिली. ज्याने उत्तर दिलं त्यानेही बहुधा विचार केलाच नाही, त्याला ते पाठ होतं.

चिकित्सक विचार शिकवायचा तर इथूनच सुरुवात करावी लागते. उत्तर बरोबर की चूक हे कळण्याआधी प्रत्येक मुलाला स्वतःचं मत ठरवावं लागलं आणि त्यामागचं कारण सांगावं लागलं, तरच वर्गात विचार होतो. शिक्षकांचा शेरा पडला की तो थांबतो. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा रोख एकच आहे: तो शेरा पुढे ढकलायचा, आणि मधल्या वेळात मुलांना नेमकं काय करायला द्यायचं ते आधी ठरवून ठेवायचं.

पायरी १: धड्यातूनच प्रश्न निवडा

विचारशक्ती वाढवण्यासाठी आठवड्यातून एक वेगळा तास ठेवायचा आणि त्यात कोडी सोडवायची, ही कल्पना आकर्षक वाटते, पण तिचा फायदा कोड्यांपुरताच राहतो. डॅनियल विलिंगहॅम या मानसशास्त्रज्ञाने हे वारंवार मांडलं आहे की विचार करायला त्या विषयाची माहिती लागते. पेशींबद्दल काहीच ठाऊक नसलेला मुलगा पेशींबद्दल चिकित्सक होऊ शकत नाही. तेव्हा माहिती देणं आणि विचार करायला लावणं यांत भांडण नाही. आज जो धडा शिकवायचा आहे, त्यातलाच एक प्रश्न निवडायचा.

तो कसा निवडायचा? बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये मांडलेली आणि २००१ मध्ये सुधारलेली पायऱ्यांची रचना बहुतेक शिक्षकांनी प्रशिक्षणात पाहिलेली असते: स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती. तिच्यासोबत क्रियापदांची यादी येते आणि इथेच गफलत होते. "तुलना करा", "विश्लेषण करा" असं लिहिलं म्हणून प्रश्न वरच्या पायरीचा होत नाही. तुलनेचा तक्ता गाईडमध्ये तयार असेल, तर "तुलना करा" हाही पाठांतराचाच प्रश्न असतो. क्रियापद बाजूला ठेवा आणि प्रश्नाला तीन गोष्टी विचारा. यावर समजूतदार मुलांची दोन वेगळी मतं होऊ शकतात का? कोणतं मत टिकतं हे ठरवायला लागणारी माहिती वर्गातल्या मुलांकडे आहे का? आणि चुकीचं उत्तर आलं, तर त्यावरून मुलाच्या डोक्यात काय चाललं आहे हे मला कळेल का? तिन्हींना "हो" आलं तर प्रश्न घ्या.

गणितात "नेहमी, कधीकधी की कधीच नाही?" हा साचा फार उपयोगी पडतो. "दोन संख्यांचा गुणाकार त्या दोन्ही संख्यांपेक्षा मोठा असतो." हे नेहमी खरं, कधीकधी खरं, की कधीच खरं नाही? बरीच मुलं छातीठोकपणे "नेहमी" म्हणतात. मग कोणीतरी ५ ला ०.५ ने गुणून पाहतं, कोणी १ घेतं, कोणी शून्य, मोठ्या वर्गात कोणी ऋण संख्या. इतकं झालं की खरा प्रश्न विचारता येतो: "मग हे केव्हा खरं असतं, ते एका वाक्यात लिहा." ते वाक्य लिहिताना मुलांची जी दमछाक होते ती पाहण्यासारखी असते, आणि त्या वाक्यात बरंचसं गणित येऊन जातं.

पायरी २: प्रश्न विचारा आणि गप्प बसा

मेरी बड रो या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७०च्या सुमारास वर्गांतल्या संभाषणांच्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी किती वेळ थांबतात? जेमतेम एक सेकंद. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर प्रश्न पुन्हा विचारला जातो, सोपा केला जातो किंवा दुसऱ्याकडे वळवला जातो. हा अवधी तीन सेकंद किंवा जास्त केला, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, "माहीत नाही" किंवा नुसती शांतता कमी झाली, एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली आणि उत्तरांसोबत पुरावे येऊ लागले.

त्यांच्या कामातला दुसरा भाग मात्र अनेकदा सांगायचा राहून जातो. थांबायच्या जागा दोन आहेत: एक प्रश्नानंतर, दुसरी मुलाने उत्तर दिल्यानंतर. दुसरी जागा जास्त अवघड आहे. मूल एक वाक्य बोलून थांबतं, आपण लगेच "बरोबर" किंवा "आणखी कोणी?" म्हणतो. तिथे तीन सेकंद काहीच न बोलता त्याच्याकडे पाहत राहिलं, तर ते मूल बहुतेक वेळा स्वतःहूनच "कारण..." म्हणून पुढे जातं.

करायला हे साधं आहे, सवय मात्र लावून घ्यावी लागते. प्रश्न एकदाच, सावकाश विचारा. मग मनात आकडे मोजा. त्या वेळात प्रश्न पुन्हा उच्चारू नका, सूचक शब्द पेरू नका, फळा पुसू नका. सुरुवातीला मुलांनाही ही शांतता विचित्र वाटते, म्हणून त्यांना आधीच सांगा: "मी मुद्दाम थांबणार आहे. हात वर करू नका, विचार करा."

पायरी ३: आधी वहीत, मग जोडीत, मग वर्गात

ही पायरी संपूर्ण रीतीचा कणा आहे. फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली "विचार करा, जोडीत बोला, सर्वांना सांगा" ही पद्धत आता जगभर माहीत आहे. पण वर्गात ती पुष्कळदा अर्धीच होते, कारण पहिला भाग गाळला जातो. थेट "शेजाऱ्याशी चर्चा करा" म्हटलं की जोडीतला हुशार समजला जाणारा बोलतो आणि दुसरा मान डोलावतो. म्हणून चर्चेआधी एक मिनिट प्रत्येकाने वहीत आपलं उत्तर आणि एक कारण लिहायचं, अगदी दोन ओळींत. पेनने लिहायचं, खोडायचं नाही. एकदा लिहिलं की मूल त्या मताशी बांधलं जातं आणि पुढे काय होतं याची त्याला उत्सुकता लागते.

हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझूर १९९१ पासून मोठ्या वर्गांतही हेच करत आले. संकल्पनेवर एक बहुपर्यायी प्रश्न, प्रत्येकाचं स्वतंत्र मत, मग शेजाऱ्याला पटवण्याचा प्रयत्न, मग पुन्हा मतदान. त्यांचा एक आडाखा कोणत्याही वर्गात लागू पडतो. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के मुलांचं उत्तर बरोबर असेल, तर चर्चेला वेळ द्या. त्याहून कमी असेल, तर संकल्पना पुन्हा समजावा, कारण पटवून देणारंच वर्गात कोणी नाही. त्याहून जास्त असेल, तर थोडक्यात खुलासा करून पुढे जा. यासाठी यंत्रं लागत नाहीत. अ, ब, क, ड लिहिलेली चार कार्डं किंवा छातीजवळ धरलेली बोटं पुरतात. बोटं छातीजवळच धरायला सांगा. हात वर गेले की मुलं इतरांचे पाहून आपलं मत बदलतात.

वर्गात मतं मांडायची वेळ आली की एक युक्ती वापरा. "तुझं उत्तर काय?" असं न विचारता "तुझी जोडीदार काय म्हणाली?" असं विचारा. लाजरं मूल स्वतःचं मत सांगायला घाबरतं, दुसऱ्याचं सहज सांगतं, आणि ते सांगता यावं म्हणून त्याला आधी नीट ऐकावंही लागतं.

एक तास जवळून: मेणबत्ती आणि पाणी

ताटलीत थोडं रंगीत पाणी, मधोमध उभी मेणबत्ती, ती पेटवून तिच्यावर उपडा काचेचा ग्लास. ज्योत विझते आणि ग्लासात पाणी चढतं. हा प्रयोग बहुतेकांनी पाहिलेला असतो. त्याचं ठरलेलं स्पष्टीकरणही असतं: ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली; हवेत ऑक्सिजन सुमारे एक-पंचमांश, म्हणून पाणीही एक-पंचमांश चढतं. मोठी माणसंही हेच सांगतात. चिकित्सक विचार शिकवायला यापेक्षा चांगली संधी मिळणं अवघड आहे, कारण हे स्पष्टीकरण चुकीचं आहे आणि ते चुकीचं असल्याचं मुलं स्वतः दाखवू शकतात. (मेणबत्ती शिक्षकांनीच पेटवायची, हे सांगायला नको.)

आधी प्रयोग न करता अंदाज लिहून घ्या: पाणी चढेल का? चढलं तर केव्हा चढेल, ज्योत जळत असताना की विझल्यावर? हा "केव्हा" महत्त्वाचा आहे. नंतर प्रयोग करा आणि मुलांना फक्त काय दिसलं ते लिहू द्या, का ते नको. दिसणं आणि अर्थ लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मुलं त्यांची सरमिसळ करतात. "ऑक्सिजन संपला" हे कोणालाही दिसलेलं नसतं. दिसलेलं असतं ते ज्योत मंद होणं. नीट पाहणाऱ्या मुलांना काठाजवळ सुरुवातीला एखाददुसरा बुडबुडा बाहेर जाताना दिसतो. पाणी सुरुवातीला फारसं हलत नाही आणि ज्योत विझता विझता झपकन वर येतं.

आता "ऑक्सिजन जळला" हा दावा फळ्यावर लिहा आणि विचारा: "हे खरं असेल तर आणखी काय दिसायला हवं?" वर्ग थोडा वेळ गोंधळतो. मग कोणीतरी म्हणतं, "सर, मग जळत असतानाच पाणी हळूहळू चढायला पाहिजे." दुसरी मुलगी म्हणते, "आणि तोच ग्लास असेल तर तीन मेणबत्त्या लावल्या तरी पाणी तेवढंच चढलं पाहिजे, ऑक्सिजन तर तेवढाच आहे ना!" ही वाक्यं आली की तासाचं काम झालं. तीन मेणबत्त्या लावून पाहा. पाणी जास्त चढतं. दावा डळमळतो, आणि तो शिक्षकांनी नव्हे, मुलांनी डळमळवलेला असतो.

मग बुडबुड्यांकडे परत या. हवा बाहेर का गेली? ज्योतीमुळे गरम झालेली हवा प्रसरण पावली आणि तिचा काही भाग बाहेर पडला. ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावली, आतला दाब कमी झाला आणि बाहेरच्या दाबाने पाणी आत ढकललं. शिवाय ऑक्सिजन नुसता नाहीसा होत नाही, त्यापासून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. आणि ग्लासातला ऑक्सिजन पुरता संपण्याच्या कितीतरी आधी ज्योत विझते. हे शेवटी सांगायचंच आहे, पण शेवटी.

पायरी ४: मत केव्हा बदलाल, ते विचारा

"कशावरून?" हा प्रश्न चांगलाच आहे. पण त्याहून मोलाचा प्रश्न असा: "काय दिसलं तर तू तुझं मत बदलशील?" माणसाचा कल आपल्या मताला दुजोरा देणाऱ्या गोष्टी शोधण्याकडे असतो. पीटर वॉसन यांनी १९६० मध्ये हे एका सोप्या खेळातून दाखवलं, आणि तो खेळ वर्गात दहा मिनिटांत होतो.

फळ्यावर २, ४, ६ लिहा. सांगा की माझ्या मनात एक नियम आहे आणि या तीन संख्या तो पाळतात. तुम्ही तुमच्या तीन-तीन संख्या सांगा, मी फक्त "बसतात" किंवा "बसत नाहीत" म्हणेन. खात्री झाली की नियम सांगा. मुलं ८, १०, १२ विचारतात: बसतात. २०, २२, २४: बसतात. १००, १०२, १०४: बसतात. मग आत्मविश्वासाने नियम येतो: "दोन-दोनने वाढणाऱ्या." नाही. नियम एवढाच असतो की प्रत्येक संख्या आधीच्या संख्येपेक्षा मोठी हवी. वॉसन यांच्या प्रयोगातही बहुतेकांचा पहिला अंदाज चुकला होता. खेळ संपल्यावर वर्गाला विचारा: "'बसत नाहीत' असं उत्तर येईल अशी तिकडी कोणी मुद्दाम सांगितली का?" सहसा कोणीच सांगितलेली नसते. त्यानंतर वर्षभर कोणत्याही विषयात "उलट उदाहरण शोधलंस का?" एवढं म्हटलं तरी मुलांना संदर्भ कळतो.

पायरी ५: दावा, पुरावा आणि मधला दुवा

युक्तिवादाचे भाग स्टीफन टूलमिन यांनी १९५८ मध्ये बारकाईने मांडले. शाळेसाठी त्यातले तीन पुरतात: तुझं म्हणणं काय, त्याला आधार काय, आणि तो आधार या म्हणण्याला लागू का पडतो. पहिले दोन मुलांना लवकर जमतात. तिसरा अडतो. "राजा लोकप्रिय होता, कारण त्याच्या दरबारी कवीने तसं लिहिलं आहे." दावा आहे, पुरावा आहे. दुवा तपासायला लागलं की प्रश्न उभा राहतो: ज्याचं पोट राजावर अवलंबून आहे त्याने दुसरं काय लिहिलं असतं? हा कवी खोटंच बोलला असं यातून सिद्ध होत नाही, हेही मुलांना सांगावं. त्याच्या साक्षीचं वजन कमी होतं, एवढंच.

इतिहासाच्या तासाला एकाच घटनेची दोन वर्णनं शेजारी ठेवा आणि मजकूर वाचण्याआधी विचारा: कोणी लिहिलं, केव्हा, कोणासाठी? सॅम वाइनबर्ग यांनी इतिहासकार आणि शाळकरी मुलं यांना तीच कागदपत्रं वाचायला दिली, तेव्हा ठळक फरक हाच दिसला. इतिहासकार आधी लेखकाकडे पाहत होते, मुलं सरळ मजकुरात शिरत होती.

इंटरनेटवरच्या मजकुराला मात्र ही नजरही पुरत नाही. वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे अभ्यासक, स्टॅनफर्डचे विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस यांना अनोळखी संकेतस्थळं तपासायला दिली. अभ्यासक आणि विद्यार्थी त्या पानावरच रेंगाळले आणि नीटनेटकी मांडणी, अधिकृत वाटणारं नाव यांना फसले. तथ्यतपासनीस काही क्षणांतच ते पान सोडून दुसरीकडे गेले आणि या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते पाहू लागले. मुलांना हीच सवय लावा: पान खरं वाटतं का हे पानाला विचारू नका, बाहेर जाऊन विचारा.

पायरी ६: शिक्षकांनी बोलायचं कसं

बरोबर उत्तरालाही "कशावरून?" विचारा. फक्त चुकीच्या उत्तरालाच हा प्रश्न आला, तर मुलं दोन दिवसांत ओळखतात की "कशावरून" म्हणजे "चुकलं". चेहऱ्यालाही तोच नियम: भुवया वर गेल्या की मूल उत्तर बदलतं. "शाबास" उत्तरासाठी राखून ठेवू नका. "तू आधीचं मत का बदललंस ते नीट सांगितलंस" अशा गोष्टीसाठी ते वापरा.

मतभेद कसे मांडायचे हेही शिकवावं लागतं. "तू मूर्ख आहेस" आणि "मला हे पटलं नाही, कारण..." यांतलं अंतर मुलांना आपोआप कळत नाही. दोन-तीन वाक्यांच्या सुरुवाती फळ्याच्या कडेला लिहून ठेवा: "तुझ्या म्हणण्यातला हा भाग मला पटतो, पण...", "तू म्हणालास त्याचा अर्थ असा का, की...?" विरोध करण्याआधी समोरच्याचं म्हणणं त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगायचं, असा नियम ठेवलात तर आरडाओरडा निम्मा होतो.

आणि शेवटी उत्तर द्या. हे मी आग्रहाने सांगते, कारण चर्चेच्या उत्साहात काही तास "प्रत्येकाचं आपापलं मत" यावर संपतात. जिथे बरोबर उत्तर आहे तिथे ते स्पष्ट सांगायला हवं. जिथे नाही, तिथेही सगळी मतं सारखी नसतात. कोणाचा आधार भक्कम आणि कोणाचा कच्चा हे बोलून दाखवायला हवं. नाहीतर मुलं असं शिकतात की विचार केला काय, न केला काय, सारखंच.

वेळ आणि गुण

अभ्यासक्रम पुरा करायचा असतो, म्हणून हे सगळं रोज करू नका. एका तासाला एक प्रश्न, दहा-बारा मिनिटं, आठवड्यातून दोनदा. सुरुवातीला तेवढं पुष्कळ झालं.

परीक्षेत याला जागा नसेल तर मुलं हे गंभीरपणे घेणार नाहीत, आणि त्यांचं चुकतं असं म्हणता येत नाही. सोपा उपाय म्हणजे चुकीचं सोडवलेलं उदाहरण द्या आणि विचारा की चूक कोणत्या ओळीत आहे व ती करणाऱ्याच्या मनात काय असावं. किंवा एक दावा आणि चार पुरावे द्या, सर्वांत कच्चा पुरावा निवडायला सांगा, आणि निवडीपेक्षा कारणाला जास्त गुण ठेवा.

वहीत महिन्यातून एकदा तीन ओळी लिहून घ्या: "आधी मला वाटत होतं...", "आता मला वाटतं...", "कारण...". हार्वर्डमध्ये १९६७ साली सुरू झालेल्या प्रोजेक्ट झीरो या संशोधन गटाने अशा लहान लहान विचारसवयी तयार करून वर्गांपर्यंत पोहोचवल्या. ही त्यांतलीच एक. या नोंदींना गुण देऊ नका, नाहीतर मुलं तुम्हाला आवडेल ते लिहितील. फक्त वाचा आणि समासात एखादा प्रश्न लिहून परत द्या.

काही आठवड्यांनी एखादं मूल तुम्हालाच विचारेल, "बाई, कशावरून?" त्या वेळी पुस्तकाकडे बोट दाखवून थांबू नका. आधार माहीत असेल तर तो आणि त्यामागचा दुवा, दोन्ही सांगा. माहीत नसेल तर प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहा, त्याखाली तारीख घाला आणि तो कुठे शोधायचा हे वर्गालाच विचारा. उत्तर मिळेपर्यंत तो कोपरा पुसू नका.